गाईच्या पोटातले निळे ठिपके

बडोद्याहून सावलीकडे जाताना दुतर्फा रवंथ करणाऱ्या म्हशी दिसतात. इथले लोक त्याला 'वागोळवुं' म्हणतात. गावच्या दूध मंडळीत सकाळ-संध्याकाळ दूध भरायचे आणि त्यावर घरखर्च चालवायचा, असे इथल्या कित्येक घरांचे गणित आहे.

या गणितात एक गळती आहे. जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातली साधारण २ ते १२ टक्के ऊर्जा मिथेन वायू बनून, मुख्यतः ढेकरांवाटे, निघून जाते. पैसे मोजून आणलेल्या खुराकाचाच तो हिस्सा! शिवाय १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गाई-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत.

माझे शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातले, म्हणून सांगते: मिथेन गाय स्वतः बनवत नाही. तिच्या कोठीपोटातले जीवाणू, बुरशी आणि प्रोटोझोआ चारा आंबवतात, त्यात हायड्रोजन सुटतो. आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन तयार करतात. आर्किया जीवाणूंहून वेगळ्या कुळातले आहेत, हे १९७७ साली कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या गर्दीतून त्यांना ओळखणे कठीण. पण त्यांच्यात एफ-४२० नावाचा एक रेणू असतो. सुमारे ४२० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश टाकला, की तो निळसर-हिरवा चमकतो. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली कोणताही रंग न घालता काळोखात हे ठिपके उजळतात. काही तर थेट प्रोटोझोआला चिकटलेले असतात. हायड्रोजन तिथेच मिळतो ना!

काम मात्र घाईचे. ऑक्सिजन यांना विषासारखा, म्हणून कोठीपोटातला द्रव गरम थर्मासमध्ये काठोकाठ भरून आणायचा. प्रकाशाखाली चमक लवकर विझते, तेव्हा फोटो झटपट काढायचा. काहींची चमक मुळातच मंद असते, त्यामुळे जनुकीय तपासणीची जोड हवीच.

मग हे जीव मारूनच टाकावेत का? तसे सरळ नाही. हायड्रोजन साचला तर चारा पचण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे उपाय बेताने करावा लागतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' हे पूरक खाद्य तयार केले. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असे संस्था सांगते. आपल्या शेजारच्या आणंदचे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ संतुलित आहारावर भर देते.

तरुण मित्रांनो, विज्ञान शिकत असाल तर हा विषय जरूर पाहा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ऑक्सिजनविना जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर दीर्घकाळ काम झाले आहे. फक्त एक लक्षात ठेवा: दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला परवडेल, तोच उपाय गोठ्यापर्यंत पोहोचेल. चाऱ्यातली ऊर्जा ढेकरात न जाता दुधात उतरली, तर तिला हवामानबदल वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.