सारसाचं डोकं कुठे गेलं?

जूनमधली सारस गणना झाली की आकड्यावर वाद ठरलेला. मला त्या वादापेक्षा एक फोटो छळतोय. दवनीवाडा गावाकडच्या बोडीवरचा, म्हणजे छोट्या तळ्यावरचा, म्हणून तो मोबाइलवर आला: दोन मोठे सारस, मधे जरा लहानखुरा तिसरा. गेल्या पावसाळ्यातलं पिल्लू असेल का? प्रौढाचं डोकं लालभडक, पिल्लाचं बदामी. फोटो मोठा करत गेलो, तर डोक्याच्या जागी नुसती चौकोनी ठिगळं.

"कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा हाये जी," फोटो काढणारा पोरगा म्हणाला. खरंच होतं ते. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की लांब बाजू १६०० च्या आसपास येते. मुळात ३०० ठिपके उंच असलेला सारस ८० वर आला. वर पुन्हा फाइल लहान करायला जेपेगची दाबणी.

जेपेग ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातला बारीक तपशील गाळतं. पहिली कात्री रंगाला. उजेडातला फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून बहुतेकदा चार ठिपक्यांत मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. भाताच्या पऱ्ह्यांच्या हिरव्यात एवढंसं डोकं, सगळंच मातकट होतं. नेमकं जे पाहायचं तेच जातं.

चौकोनांतला बारीक तपशील वेगळा काढण्याचं गणित बंगळूरच्या नासिर अहमद यांचं. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला, मिळाला नाही. कल्पना फारच सोपी वाटली म्हणे! १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध छापून आला, आणि १९९२ मध्ये जेपेगचं मानक त्याच पायावर उभं राहिलं.

ही दाबणी कॅमेऱ्यातही होते; त्याच्या मेन्यूत आकार वेगळा, दर्जा वेगळा. लार्ज-मीडियम-स्मॉल ठिपके ठरवतं. फाइन-नॉर्मल-बेसिक किती गाळायचं ते. कार्ड भरत आलं की लोक आधी आकार उतरवतात. दूरच्या पक्ष्याला ते मारकच, कारण नंतर तेवढाच तुकडा कापून बघायचा असतो. लार्ज-फाइन ठेवा, कार्ड दुसरं घ्या. रॉचा, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल ठेवण्याचा, हट्ट मला गणनेपुरता तरी हौसेचाच वाटतो.

रात्री पोराने मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली. अकरा एमबी, रेंज जात-येत होती, गोल चक्र फिरत राहिलं. उघडली तेव्हा मधल्या पक्ष्याचं डोकं बदामी होतं.