मॉडबस: ओळख न विचारणारी आज्ञा

कारखान्यातील मोटर, व्हॉल्व्ह, तापमापक यांवर देखरेख ठेवून त्यांना आज्ञा देणारा छोटा औद्योगिक संगणक म्हणजे पीएलसी, आणि अशा नियंत्रकांच्या संवादासाठी मॉडिकॉन कंपनीने 1979 साली तयार केलेली मॉडबस ही नियमावली आजही जगभर वापरात आहे. तिच्या मूळ संदेशात उपकरणाचा क्रमांक, कामाचा संकेतांक, माहिती आणि अखेरीस चूक तपासणारे दोन बाइट एवढेच असते. 6 हा संकेतांक आला की उपकरण स्मृतीतील नेमका आकडा निमूटपणे बदलते, कारण आज्ञा कोणाची हे विचारण्याची सोयच या नियमावलीत नाही. तारा कारखान्याच्या भिंतींआड होत्या तोवर हे खपून गेले. जानेवारी 2024 मध्ये मात्र युक्रेनमधील ल्विव्ह शहरात हल्लेखोरांनी मॉडबसच्याच आज्ञा वापरून तापनयंत्रणेच्या नियंत्रकांची मापे बिघडवली आणि ऐन कडाक्याच्या थंडीत 600 हून अधिक इमारतींची ऊब जवळपास दोन दिवस हिरावली. संदेश कूटबद्ध करून प्रमाणपत्राने ओळख पटवणारी सुरक्षित मॉडबस 2018 पासून उपलब्ध आहे. जुन्या उपकरणांना ती पेलत नसेल, तर त्यांचे जाळे कार्यालयीन संगणकांपासून वेगळे ठेवणे आणि मॉडबसचा 502 क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा न सोडणे अत्यावश्यक ठरते.