सार्यान, मार्तिरोस

सार्यान, मार्तिरोस : (२८ फेब्रुवारी १८८०–५ मे १९७२). आधुनिक आर्मेनियन चित्रकलेचा प्रमुख प्रवर्तक आणि आर्मेनियातील कलासंस्थांचा संघटक. जन्म रशियातील डॉन नदीकाठच्या नव-नाखिचेव्हान (आता रॉस्टॉव्ह-ऑन-डॉन शहराचा भाग) या आर्मेनियन वसाहतीत. मॉस्कोच्या चित्र-शिल्प-वास्तुकला विद्यालयात १८९७ ते १९०४ या काळात त्याचे शिक्षण झाले. तेथे सेरोव्ह व कोरोव्हिन हे त्याचे गुरू होते. पूर्वजांची भूमी त्याने प्रथम १९०१ मध्ये पाहिली. तेथील प्रखर ऊन, उघडे डोंगर व गडद सावल्या हाच पुढे त्याच्या कलेचा मुख्य विषय ठरला.

त्याची आरंभीची चित्रे स्वप्नमय व प्रतीकवादी वळणाची असून त्यांपैकी काही मॉस्कोतील ‘निळा गुलाब’ या प्रदर्शनात (१९०७) मांडली गेली. १९१० ते १९१३ या काळात त्याने तुर्कस्तान, ईजिप्त व इराण या देशांचा प्रवास केला. या प्रवासात त्याची शैली परिपक्व झाली. छायाप्रकाशाच्या सूक्ष्म छटा टाळून टेंपेरा अर्थात चिक्कणरंगातील सपाट, शुद्ध रंगक्षेत्रे एकमेकांशेजारी मांडावयाची व त्यांच्या विरोधातूनच उन्हाचा प्रत्यय द्यावयाचा, अशी ही पद्धती होय. रस्ता. दुपार. कॉन्स्टँटिनोपल (१९१०) व खजुरीचे झाड. ईजिप्त (१९११) ही तिची उत्तम उदाहरणे होत.

ऑटोमन साम्राज्यातील वंशसंहारातून वाचलेल्या आर्मेनियन निर्वासितांच्या साहाय्यार्थ तो १९१५ मध्ये एच्मियाझिन येथे गेला. १९२१ मध्ये त्याने येरेव्हान येथे कायमचे वास्तव्य केले. तेथील संग्रहालय व कलाविद्यालय यांच्या उभारणीत त्याने पुढाकार घेतला. सोव्हिएट आर्मेनियाच्या राजचिन्हाच्या आराखड्यातही त्याचा प्रमुख वाटा होता. येरेव्हानमधून दिसणारा, परंतु सीमेपलीकडे तुर्कस्तानात राहिलेला अरारात पर्वत त्या चिन्हाच्या मध्यभागी होता. आर्मेनिया (१९२३) या चित्रात त्याने डोंगर, शेते व माणसे एकत्र आणून एका विखुरलेल्या समाजाला त्याच्या भूमीची प्रतिमा दिली.

त्याच्या कलाकृतींना मोठे आघात सोसावे लागले. १९२६ ते १९२८ या काळात तो पॅरिसमध्ये होता. तेथे रंगविलेली बहुतेक चित्रे मायदेशी येताना जहाजाला लागलेल्या आगीत नष्ट झाली. १९३७ च्या दडपशाहीत ‘राष्ट्रद्रोही’ ठरविलेल्या व्यक्तींची त्याने काढलेली अनेक व्यक्तिचित्रे जाळण्यात आली. त्याच वर्षी तुरुंगात मरण पावलेला कवी येगिशे चारेन्त्स याचे व्यक्तिचित्र (१९२३) मात्र बचावले. या काळात अधिकृत वास्तववादाच्या दबावामुळे सार्यानची रंगयोजना काहीशी सौम्य झाली. तथापि निसर्गचित्रे व पुष्पचित्रे यांत त्याचे स्वातंत्र्य टिकून राहिले.

आर्मेनियन कलावंत संघाचा तो १९४५ ते १९५१ या काळात अध्यक्ष होता. १९४७ मध्ये सोव्हिएट कला अकादमीचा तो सदस्य झाला. ‘माझी मातृभूमी’ या निसर्गचित्रमालिकेसाठी त्यास १९६१ मध्ये लेनिन पारितोषिक मिळाले. येरेव्हानमधील त्याच्या निवासस्थानालगत १९६७ मध्ये, त्याच्या हयातीतच, त्याच्या चित्रांचे संग्रहालय सुरू झाले. येरेव्हान येथेच तो निधन पावला. राष्ट्रीय आशय साकारण्यासाठी ऐतिहासिक प्रसंगांच्या चित्रणाची गरज नसते, रंगांची योजनाच तो व्यक्त करू शकते, हे त्याने सिद्ध केले. पुढील पिढ्यांतील आर्मेनियन चित्रकारांवर त्याचा खोल प्रभाव आहे.