वर्तमानपत्रांत दाबलेला जपान

मे १८९०. टोकियोच्या पूर्वेला कोइवा गावच्या तळ्याकाठी वनस्पतींचे अभ्यासक तोमितारो माकिनो विलोच्या झाडाची फळं गोळा करत होते. तेवढ्यात खाली पाण्यावर काहीतरी चमत्कारिक तरंगताना त्यांना दिसलं. वनस्पतीच, पण मूळ नाही. देठाभोवती पानांची चक्रं आणि प्रत्येक पानाच्या टोकाला मिटणाऱ्या शिंपल्यासारखा इवलासा सापळा. टोकियोच्या विद्यापीठात आणल्यावर प्राध्यापक र्‍योकिची याताबे यांनी डार्विनचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक काढून दाखवलं. ती अल्ड्रोवांडा होती आणि जपानात ती पहिल्यांदाच सापडली होती.

त्याच वर्षी याताबेंनी माकिनोंना विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची दारं बंद केली. जपानी वनस्पतींवरचा ग्रंथ आपण स्वतःच काढणार आहोत, तेव्हा यापुढे इथली पुस्तकं आणि नमुने पाहायला मिळणार नाहीत, असं कारण दिलं. माकिनोंनी अल्ड्रोवांडाचं चित्र दुसरीकडे बसून पुरं केलं. हे फूल क्वचितच उमलतं, आणि माकिनोंच्या चित्रात ते पूर्ण उमललेलं होतं. पुढे जर्मनीत निघालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लरच्या ग्रंथमालेतही त्या चित्राला जागा मिळाली.

माकिनोंपाशी पदवी नव्हतीच, प्राथमिक शाळाही पुरी झालेली नव्हती. शिकोकू बेटावरच्या साकावा गावात १८६२ साली साके ही तांदळाची दारू बनवणाऱ्या सधन घराण्यात त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं. शाळा कंटाळवाणी वाटली म्हणून सोडली आणि डोंगर पालथे घातले. १८८४ मध्ये टोकियोला आले. चित्रं मनासारखी छापली जावीत म्हणून शिळाछापाच्या कारखान्यात जाऊन तेही काम शिकले. त्यांच्या रेखाटनांत केसर, बी, फुलाचा उभा छेद, सगळं एकाच पानावर असतं. एखादी जात ओळखायची तर एका रोपावर भागत नाही, अनेक रोपं पाहून तिचं खरं रूप काढावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

घराण्याचा पैसा या वनस्पतींच्या नादात संपला. १८९३ मध्ये विद्यापीठानं त्यांना पुन्हा बोलावलं, सहायक म्हणून, महिना १५ येनांवर. घरात मुलं वाढत होती आणि पुस्तकंही. सावकार दारात उभा राहिला की त्याला तोंड द्यायची पत्नी सुए. तिनं पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्यांचा धंदाही चालवून पाहिला. माकिनोंच्या गौरवगाथांत तिच्या वाट्याला जेमतेम चार ओळी येतात, आणि हा मोठा अन्याय आहे. १९१६ मध्ये कर्ज ३०,००० येनांवर गेलं, नमुने परदेशी विकायची वेळ आली. वर्तमानपत्रात त्याची बातमी वाचून कोबेचा इकेनागा हाजिमे हा धनिक तरुण मदतीला धावला.

१९२७ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढच्याच वर्षी सुए गेली. सेंदाईला नुकत्याच सापडलेल्या बांबूच्या एका बुटक्या जातीला माकिनोंनी तिचं नाव दिलं. १९४० साली त्यांचा सचित्र वनस्पतिकोश निघाला. जपानात रानफुलांच्या नादी लागलेल्या कित्येकांचं ते पहिलं पुस्तक ठरलं.

१९५७ मध्ये, ९४व्या वर्षी, माकिनो वारले. मागे सुमारे चार लाख नमुने होते, बहुतेक जुन्या वर्तमानपत्रांत तसेच दाबलेले. अनेकांवर ठिकाण-तारखेची चिठ्ठीसुद्धा नव्हती. टोकियोतल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, ते लावण्यात कित्येक वर्षं गेली. नमुना कुठला नि केव्हाचा, याचा माग काढताना त्यांच्या प्रवासाच्या नोंदींबरोबर त्या वर्तमानपत्रांवरच्या तारखाही उपयोगी पडल्या. आता ती वर्तमानपत्रंही जपून ठेवली आहेत, कारण त्यांतल्या काही गावोगावच्या अंकांची दुसरी प्रत मिळणंच कठीण आहे.