'श्यामची आई' अन् शेजारची चूल

आज बियाणं-खताचं नाही, पोरांच्या एका पुस्तकाचं सांगतो. सानेगुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली 'श्यामची आई' लिहिली. घरावर कर्ज, पैशाची ओढाताण. तरी अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची मोळी खाली पडते, तेव्हा ती उचलून दे, असं आई श्यामला सांगते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही कोरडवाहू गावात मूग-उडीद निघेपर्यंतचे दिवस मजुराच्या घराला जड जातात. शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याचा आहार आहे. पण रविवारी अन् सुट्टीत शाळेची चूल पेटत नाही. त्या दिवशी शेजारच्या घरी काय शिजलं, याची चौकशी करा.

सरपंच मंडळींनी रेशन कार्डाबाहेर राहिलेली घरं शोधून तहसीलच्या पुरवठा शाखेत त्यांचे अर्ज भरून द्यावेत. शाळेच्या परसबागेत शेवगा, पालक, मेथी लावा.

रात्री हे पुस्तक पोरांना वाचून दाखवा. लहानग्यांकडून त्यातला एखादा प्रसंग चित्रात काढून घ्या. बी वेळेवर पडलं तरच उगवतं, हे तुम्हाला मी काय सांगावं!