एका रविवारचा गड : सहलीचा आराखडा



कामगार संघटनेचा माणूस वसंत व्याख्यानमालेत सहलीवर बोलणार म्हटल्यावर काही मंडळींना नवल वाटले असेल. पगार, बोनस, बदली यांवर बोलणाऱ्याने गडांच्या वाटेला का जावे? परंतु ज्या रविवारी आपण सहलीला जातो, तो रविवार आपल्याला कोणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांना एकत्र करून साप्ताहिक सुट्टी मागितली, आणि १८९० साली गिरणीमालकांनी ती मान्य केली. एवढ्या कष्टाने मिळवलेला दिवस कसा घालवावा, हा प्रश्न मी संघटनेचाच समजतो.

दुसरीकडेही हाच विचार झालेला आहे. १८९५ साली व्हिएन्नातील समाजवाद्यांनी कामगारांना सुट्टीच्या दिवशी डोंगरात नेण्यासाठी ‘निसर्गमित्र’ ही संघटना काढली, आणि ती पुढे जर्मनीत पसरली. जर्मनीतच रिचर्ड शिरमान नावाच्या एका शाळामास्तरांनी आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पायी हिंडणाऱ्या मुलांसाठी स्वस्त वसतिगृह सुरू केले. जगभरच्या युवा वसतिगृहांचे मूळ तेथे आहे. सरदारांचा किल्ला मजुराच्या मुलाला मुक्कामाला मोकळा झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता आपल्याकडे पाहा. मी कापड्याचा. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेला रस्ता आमच्या गावावरून आंबेनळी घाटात चढतो. वर प्रतापगड, बाजूला तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ, मागे महाड, आणि त्यापलीकडे रायगड. लोक शेकडो कोस तुडवून जे पाहायला येतात ते आपल्या उंबऱ्याशी आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले, त्यांत रायगड आणि प्रतापगड हे दोन्ही आहेत. तरीही आपल्यातील कितीतरी जणांनी रायगड शाळेच्या सहलीत एकदाच पाहिलेला असतो.

सहल आखण्याचा पहिला नियम मी चूक करून शिकलो. पंधरा वर्षांपूर्वी मे महिन्यात मी बेचाळीस माणसे रायगडावर नेली. निघायलाच अकरा वाजले. निम्म्या वाटेवर पाणी संपले. एका सोबत्याच्या आईला भोवळ आली, तिला सावलीत बसवून ठेवण्यात दोन तास गेले. खाली आलो तेव्हा शेवटची एसटी निघून गेली होती. रात्र पाचाडला काढली, आणि तिघांचा सोमवारचा रोज बुडाला. तो मी त्यांना भरून दिला, पण त्या माउलीला पुन्हा गडावर नेण्याचे धाडस कोणाला झाले नाही. दोष सर्वस्वी माझा होता. मी जाण्याचा विचार केला होता, परतण्याचा केला नव्हता.

तेव्हापासून मी दिवस उलटा मोजतो. समजा, परतीची गाडी पाचला आहे. मग साडेचारला पायथ्याशी हजर असले पाहिजे. उतरायला दीड तास, म्हणजे तीनला गड सोडायचा. वर जेवणासह चार तास, म्हणजे अकराला वर पोचायचे. मुलेबाळे घेऊन चढायला दोन तास, म्हणजे नवाला पहिली पायरी. महाडहून पायथ्यापर्यंत तासभर धरा, तर आठला महाड. आणि कापडेकराने साडेसहाला घर सोडले पाहिजे. गाड्यांच्या वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन विचारावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हिरकणीवाडीहून १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

दुसरा नियम : एका दिवसात एकच मोठे ठिकाण. रायगडाच्या दिवशी पाचाडला जिजाऊंची समाधी पाहावी आणि गड चढावा, एवढेच. दुसरा रविवार प्रतापगडाचा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाशी भेट झाली ती या गडाच्या पायथ्याशी. त्याच दिवशी वेळ उरलाच तर उमरठला थांबावे. तेथे तानाजींची समाधी आहे. तिसरा रविवार महाड शहराचा, आणि तो अगदी कमी खर्चाचा. सकाळी गांधारपाल्याची बौद्ध लेणी पाहावी, मग चवदार तळ्यावर यावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह येथले पाणी घेतले. त्या पाण्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. गडावर राज्य कसे उभे राहिले ते कळते, तळ्यावर माणूस कसा उभा राहिला ते कळते. मुलांना दोन्ही दाखवावे.

तिसरा नियम ऋतूचा. पावसाळ्यात आपला मुलूख देखणा दिसतो, पण तो तितकाच घातकी आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात सहलीला निघालेली एक बस दरीत कोसळून तीस जण गेले. २०२१ च्या जुलैत तळिये गावावर दरड आली. ही नावे भीती घालण्यासाठी घेत नाही. ज्या घरांतली माणसे गेली ती घरे आपल्या शेजारचीच आहेत. जुलै-ऑगस्टात घाट टाळावा, एप्रिल-मेत दुपारचा चढ टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने.

शेवटी, काय पाहावे? रायगडावर जगदीश्वराच्या देवळाशी एक पायरी आहे. गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजीचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाऊल पडते अशा जागी त्याने आपले नाव ठेवले. शेजारीच महाराजांची समाधी आहे. मी प्रत्येक खेपेस सोबत्यांना त्या पायरीपाशी बसवतो आणि विचारतो, की हिरोजीचे नाव राहिले. पण ज्यांनी दगड फोडले, चुना मळला, त्यांची नावे कोठे आहेत? उत्तर कोणाजवळ नसते. पण त्यानंतर भिंतीवर स्वतःचे नाव कोरायला कोणाचा हात उचलत नाही, आणि ताक विकणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी कोणी घासाघीस करत नाही.

तेव्हा मंडळी, यंदाच्या दिवाळीनंतरचा एक रविवार आजच ठरवा. परतीच्या गाडीची वेळ आधी लिहा आणि बाकीचा कागद तिच्यावरून भरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारल्यावाचून मात्र आराखडा पक्का करू नका. माझ्या चुकीमुळे एक माउली गडाला मुकली. तुमच्या घरी तसे न होवो.