सातपुडा परिसरातील सामूहिक वनसंरक्षण आणि ग्रामसभेची संमती

प्रस्तावना :
शहादा परिसरात वनाचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी येथे लढा दिला. पुढे सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १९९० पासून तळोदा वनक्षेत्रातील एकूण सुमारे ४२०० हेक्टर जमीन वनेतर वापरासाठी वळविण्यात आली. म्हणजेच एकाच प्रकल्पाने वन दोनदा घटविले : आधी बुडिताने, नंतर पुनर्वसनाने. अशा वेळी सार्वजनिक वन राखण्याचा अधिकार कोणाचा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गावाचे नियम :
शेजारच्या धुळे जिल्ह्यातील बारीपाडा (ता. साक्री) येथील ग्रामस्थांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. नियम मोडणाऱ्यास दंड ठरला. त्यातून सुमारे ४४५ हेक्टर वन पुन्हा उभे राहिले. या कार्याबद्दल पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तथापि गावाचा नियम गावकऱ्यांना बांधतो. बाहेरून येणाऱ्या प्रकल्पाला तो बांधत नाही.

कायद्याचा आधार :
ही उणीव वनहक्क कायदा, २००६ काही अंशी भरून काढतो. त्यानुसार परंपरेने राखलेल्या वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसमुदायास मिळतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला. त्याच वर्षी केंद्र शासनाच्या परिपत्रकाने वनजमीन वळविण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरविली. २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरी येथील १२ ग्रामसभांनी बॉक्साईट खाणीचा प्रस्ताव एकमुखाने फेटाळला. मात्र २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनुसार केंद्राची अंतिम मंजुरी आधी मिळू शकत होती व वनहक्कांची पूर्तता राज्यांवर सोपविली गेली. मंजुरीनंतर मागितलेली संमती ही औपचारिकता ठरण्याचा धोका त्यात होता.

निष्कर्ष :
१) सामूहिक शिस्तीने वन वाढते, परंतु ते टिकण्यासाठी नोंदलेला हक्क लागतो.
२) संमती निर्णयापूर्वी घेतली तरच ती अर्थपूर्ण ठरते.
३) ग्रामसभांच्या दाव्यांसाठी वनसीमांचे नकाशे व जैवविविधता नोंदवही तयार करण्यात परिसरातील महाविद्यालये विद्यार्थ्यांसह साहाय्य करू शकतात. दावा दाखल होण्यापूर्वी प्रकल्प आला, तर गावाजवळ केवळ आठवणींचा पुरावा उरतो.